पक्कं मस्टर

भगवान गमरे कंपनीला विकला गेला, असं मोरिवलीच्या नाक्यावर आजही चारजण तरी शपथेवर सांगतील. त्यांच्या तोंडाला लागायची माझी इच्छा नाही. पण खरं काय झालं ते डोळ्यांनी बघितलेली दोनच माणसं आता उरलीत, गमऱ्यांची बायको सरस्वतीबाई आणि मी. सरस्वतीबाईंचं कोण ऐकतंय? म्हणून म्हटलं, एकदाचं आपणच सांगून टाकावं.

१९९७ साली अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. माझा म्हणजे मालक उल्हासनगरचा सिंधी सेठ, शिकवणारी मी. चार कॉम्प्युटर, एक खरखरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि कीबोर्डच्या फटींत कायमचं पीठ. दिवसाला सहा बॅचेस. पोरं यायची ती सर्टिफिकेटसाठी, शिकायला कोणी येत नव्हतं. मी सव्वीस वर्षांची, लग्नाचं कुठं जमत नव्हतं, आणि सकाळी आठपासून 'स्टार्टवर क्लिक करा, अहो स्टार्टवर' असं ओरडून ओरडून घसा आणि डोकं दोन्ही कामातून गेलेलं. चिडकी तर होतेच. आता नाही असं नाही, पण तेव्हा कोणावर चिडावं आणि कोणावर नाही याचा पाचपोच नव्हता.

ऑगस्टात गमरे काका आले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पांढरा फुल शर्ट, खिशाला दोन पेनं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. चपला दाराबाहेर काढल्या आणि पोरांच्या इकडंतिकडं पडलेल्या चपलाही जाता जाता सरळ लावून आत आले.

"मॅडम, मला विंडोज शिकायचंय. डॉस येतं."

मला मॅडम म्हणायचे. त्यांच्या मुलीच्या वयाची मी. मी म्हटलं, "काका, डॉस येतं म्हणजे काय काय येतं?"

"मस्टर भरता येतं."

एवढंच येत होतं, आणि तेवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं टाईमकीपर. कोण किती वाजता गेटातून आत आला, कोणत्या पाळीला कोणत्या शेडमध्ये गेला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहायचं. आधी वहीवर, मग एकोणनव्वद साली कंपनीनं टाईम ऑफिसात एक कॉम्प्युटर बसवला तेव्हा त्यावर. शहाण्णवला टाईम ऑफिसच बंद झालं आणि काकांना लवकर रिटायर केलं. मिळालेल्या फंडातून त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून घरी नवा कॉम्प्युटर आणला. त्यांना डॉसवालाच हवा होता. दुकानदार म्हणाला, "अरे साईं, डॉस का जमाना गया, अब सब में विंडोज ही आता है." टेम्पोतून खोकी उतरली तेव्हा मोरिवलीतली त्यांची सगळी चाळ बघायला जमली होती. गमऱ्याच्या घरी कॉम्प्युटर! लेक बदलापूरला दिलेली, मुलगा नाही, मग हा बाबा त्याचं करणार काय?

मलाही तेच वाटलं. म्हटलं, रिटायर झालेत, वेळ जात नाही, आले आमचं डोकं खायला.

आणि खाल्लंही. अहो, माऊस म्हणजे काय कठीण गोष्ट आहे? पण काकांनी तो शिक्क्यासारखा मुठीत धरला आणि ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, टेबल संपलं." पोरं खो खो हसली. मी पण हसले. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. वहीत लिहिलं, 'नऊ वाजून दहा मिनिटं. माऊस उचलून परत अलीकडं ठेवणे.' प्रत्येक गोष्ट अशी वेळ घालून लिहायचे. डबल क्लिक काही केल्या जमेना. बोट दुसऱ्यांदा दाबेपर्यंत पहिलं दाबलेलं मशीन विसरून जायचं. दोन आठवडे एकच डबल क्लिक! पण जमवलं.

डॉसमध्ये सगळं कसं हुकूम दिल्यासारखं होतं, हे लिहा म्हणजे ते होईल. इथं तसं काही नव्हतं. पडद्यावर सगळं मांडून ठेवलेलं, आणि माणसानं बोट दाखवत हिंडायचं. काका म्हणायचे, "मॅडम, ह्याला मी काय करतोय हे माहीत आहे का? तिकडं मशीन विचारायचं, सेव्ह करू? वाय ऑर नो?" मी म्हणायचे, "काका, हे शहाणं आहे, ह्याला सगळं कळतं." किती सहज बोलतं माणूस!

त्यांना नेमकं काय टाईप करायचंय हे मला सप्टेंबरात कळलं, तेही लाईट गेली म्हणून. दुपारची बॅच घरी पळाली, काका एकटेच बसून राहिले. मी उगाच विचारलं, "काका, एवढं शिकून करणार काय?"

त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. नवीन वर्षाला दुकानदार वाटतात तसली, तळहाताएवढी. पानं पिवळी पडलेली, कोपरे कसल्याशा रंगानं जांभळे झालेले. आत पेन्सिलनं बारीक अक्षरात नावं. तारीख, पाळी, शेड, नाव. एका ओळीला एक माणूस.

"ही त्र्याऐंशीची. अशा तेरा आहेत. एक्क्याऐंशी ते त्र्याण्णव."

कारखान्यात चार नंबरची शेड होती. तिथं रंगाचा कच्चा माल बनायचा, त्याची पूड उडायची. कायम कामगार त्या शेडमध्ये जायला तयार नसत. मग ठेकेदार बदलापूर, वांगणी, बारवीकडच्या पाड्यांवरून माणसं आणायचा. ना कार्ड, ना हजेरी, ना मास्क. सुपरवायझरनं काकांना सांगून ठेवलेलं, ठेकेदाराचा एकही माणूस मस्टरवर चढवायचा नाही. काकांनी नाही चढवला. नोकरी होती. पण ते लोक आत गेले की खिशातल्या डायरीत त्यांची नावं लिहायचे.

"कशाला?" मी विचारलं.

"आग लागली तर आत किती माणसं आहेत हे कोणाला तरी माहीत पाहिजे ना, मॅडम?"

आग कधी लागली नाही. पंच्याण्णव सालापासून मात्र त्या माणसांच्या लघवीतून रक्त पडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्राशयाचा कॅन्सर, शेडमधल्या पुडीचा. एकामागून एक चारजण गेले. पाचवा बारकू हिंदोळे, बारवीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. त्र्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी तो चार नंबरला होता. तो अजून जिवंत होता, आणि त्याच्या बायकोनं, चंद्रीनं, केस लावली होती. औषधपाणी आणि भरपाई, पाचही घरांसाठी. कंपनी म्हणत होती, ह्या नावाची माणसं आमच्याकडं कधी नव्हतीच. बारकू हिंदोळे कोण? दाखवा आमच्या मस्टरवर.

आणि मस्टर तर काकांनीच लिहिलेलं.

"चंद्री गेटावर यायची जेवण घेऊन," काका म्हणाले. "मी तिला बाहेर थांबवायचो. आत सोडायची ऑर्डर नव्हती." मग बराच वेळ डायरीच्या कडा अंगठ्यानं दाबत बसले. "बारकूला मी रोज आत सोडला मॅडम. माझ्या हातानं दार उघडून."

चंद्रीच्या बाजूचे वकील हेमचंद्र म्हसकर. त्यांनी एक डायरी बघितली आणि सांगितलं, ही असली मळकी पेन्सिल कोर्टात कोण वाचणार, सगळं वर्षावार नीट टाईप करून आणा. डिसेंबरात सुनावणी. बस, म्हणून हा कॉम्प्युटर. डायऱ्यांचं काय करायचं ते म्हसकर वकील बोलले नाहीत. त्या जपून ठेवा हेही कोणाला सांगावं लागतं, असं त्यांना वाटलं नसणार.

त्या दिवसानंतर मी काकांवर जरा कमी ओरडायला लागले. खोटं कशाला बोलू, जरा कमी, एवढंच.

आता ते सांगते, जे सांगायला मी बसलेय. ऑक्टोबरातला शनिवार. दुपारचा एक वाजलेला, पाठोपाठ चार बॅचेस झालेल्या, दीडला पाचवी. मी डबा उघडून पहिला घास घेतला आणि काका दारात. घरून चालत आलेले, घाम पुसत.

"मॅडम, एक्क्याऐंशी साल पूर्ण झालं टाईप करून. सेव्ह पण केलं. आता ब्याऐंशी घ्यायचंय. कोरं पान कसं आणायचं?"

मी घास चावत म्हटलं, "कंट्रोल ए, आणि डिलीट. झालं कोरं."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि आधीचं?"

"आधीचं सेव्ह केलंय ना?"

"केलंय."

"मग सेव्ह आहे. जेवू द्या हो काका आता!"

"सॉरी मॅडम," म्हणाले. वहीत वेळ घातली, लिहिलं, स्वतःशी एकदा वाचलं, आणि गेले.

नवीन फाईल कशी घ्यायची आणि तिला वेगळं नाव कसं द्यायचं, हे मी प्रत्येक बॅचला चौथ्या दिवशी शिकवायचे. दहावी नापास पोरांनाही शिकवायचे. पंधरा सेकंदांचं काम. काकांना ते मी शिकवलंच नव्हतं, कारण त्यांचे दोन आठवडे डबल क्लिकमध्ये गेले आणि मग मी म्हटलं, म्हाताऱ्याला काय करायचंय एवढं. पान कोरं करून त्याच फाईलवर पुन्हा सेव्ह केलं की आधीचं पुसलं जातं, हे मला इतकं माहीत होतं की कोणाला माहीत नसेल असं डोक्यातच आलं नाही.

काकांच्या डोक्यात त्यांच्या ऑफिसचा तो डॉसवाला प्रोग्राम होता. तो असा चालायचा म्हणे, महिना संपला की पान कोरं करायचं, नवा महिना भरायचा, सेव्ह करायचं. मागचे महिने मशीन आपोआप खाली ठेवायचं, एकावर एक. हवा असला की पेज अप दाबायचं, मागचा महिना वर यायचा. कोणीतरी प्रोग्रामरनं तसं करून दिलेलं. सात वर्षं काकांनी दुसरं मशीन बघितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, मशीन म्हणजे असंच असणार. आणि नवं तर जास्त शहाणं, सगळं कळणारं.

नोव्हेंबरभर ते आनंदात होते. हो, आनंदातच. येऊन सांगायचे, "मॅडम, पंच्याऐंशी झालं." "मॅडम, अठ्ठ्याऐंशी झालं, बारकूची सगळी वर्षं आली." मी म्हणायचे, "व्वा काका." एकदाही म्हटलं नाही, आणा बघू फ्लॉपी, दाखवा. वीस रुपये तासाला देणारी पोरं समोर बसलेली असायची.

सुनावणी दहा डिसेंबरला. आठ तारखेला सकाळी काका फ्लॉपी घेऊन प्रिंट काढायला आले. सोबत कोऱ्या कागदाचा गठ्ठा, स्वतः विकत आणलेला. शर्टाला इस्त्री. मी फ्लॉपी घातली, फाईल उघडली. वर लिहिलेलं १९९३. नऊ पानं.

"काका, ही त्र्याण्णवची झाली. बाकीच्या कुठं आहेत?"

"खाली आहेत ना. पेज अप दाबा, ब्याण्णव येईल."

मी दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच, १९९३ जानेवारी.

"अजून एकदा दाबा. हळू आहे ते मशीन."

मला कळून चुकलं होतं. तरी मी दाबलं. दोनदा, तीनदा. काका पडद्याकडं बघत होते, ओठांनी मोजत, ब्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद. मी सांगू तरी काय? शेवटी सांगितलं. मला वाटतं मी पाच मिनिटं बोलले आणि त्यांना त्यातला एकच शब्द कळला, पुसलं.

"घरच्या मशीनमध्ये असेल," ते म्हणाले. बॅच सोडून मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, कॉम्प्युटरवर सरस्वतीबाईंनी क्रोशाचं कव्हर घातलेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी सगळं पालथं घातलं. मशीनमधली कचऱ्याची पेटी बघितली, एकेक फोल्डर उघडून बघितलं. एकच फाईल होती. जिथून कॉम्प्युटर आणला त्या दुकानातला मेकॅनिक बोलावला, त्यानंही हात टेकले.

मग मला एकदम सुचलं आणि इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. "अहो काका, आपण वेड्यासारखं काय करतोय? डायऱ्या काढा! दोन दिवस आहेत, मी क्लास बंद ठेवते, आपण दोघं बसून टाईप करू. नाही तर तशाच डायऱ्या देऊ कोर्टात."

काका खाली बसले. जमिनीवरच.

"डायऱ्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पक्कं झालं की कच्चं फाडायचं असतं, मॅडम."

टाईम ऑफिसचा नियम. सव्वीस वर्षांचा. कच्च्या कागदावरची हजेरी पक्क्या मस्टरवर चढली की कच्चा कागद त्याच दिवशी फाडायचा. एका हजेरीची दोन रेकॉर्डं राहिली की तपासणीवाला त्यात फरक काढतो, भांडण लागतं, टाईमकीपर अडकतो. इतकी वर्षं ह्या माणसानं त्या डायऱ्या फाडल्या नव्हत्या, कारण त्या कधी पक्क्या झाल्याच नव्हत्या. आता झाल्या. एकेक साल टाईप झालं, सेव्ह केलं, की एकेक डायरी पान पान करून फाडली. सरस्वतीबाई बंब पेटवायला त्याच पानांचा जाळ करायच्या. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "मला काय माहीत बाई," एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मला त्यांनी शिव्या घालायला हव्या होत्या. 'तुम्हीच सांगितलं होतं ना, सेव्ह आहे म्हणून,' एवढं तरी म्हणायला हवं होतं. वही तिथंच टेबलावर होती, वेळेसकट. त्यांनी ती बंद केली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची बॅच बुडाली."

दहा तारखेला मी ठाण्याला कोर्टात गेले. कोणी बोलावलं नव्हतं, राहवलं नाही म्हणून गेले. बारकूला त्याचा देऊ नावाचा मेव्हणा पाठीवर घेऊन आला होता. इतका वाळलेला माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. चंद्री त्याच्याजवळ जमिनीवर बसली. हिरवं लुगडं, हातात औषधाच्या चिठ्ठ्यांची पिशवी. कोणीतरी बाकावर बस म्हटलं तरी उठली नाही. काका पिंजऱ्यात उभे राहिले आणि बोलायला लागले. कागद नव्हता, पण त्यांना पाठ होतं.

"बारकू नवशा हिंदोळे. शेड नंबर चार. मार्च चौऱ्याऐंशी, दुसरी पाळी, सव्वीस दिवस. एप्रिल, पहिली पाळी, चोवीस दिवस." असं म्हणतच राहिले. बारकू मान वर करून ऐकत होता आणि मान हलवत होता, हो हो, असं.

कंपनीचा वकील उठला. पाठांतर चांगलं आहे म्हणाला, पण रेकॉर्ड कुठंय?

"फाडलं."

"तेरा वर्षांचं जपलेलं रेकॉर्ड सुनावणीच्या तोंडावर फाडलं? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"आणि कॉम्प्युटरवरचं?"

"पुसलं गेलं."

"कोणी पुसलं?"

"मी."

"असं पुसायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी तिसऱ्या बाकावर बसले होते, पर्स मांडीवर. काकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी उठले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. क्लासचं नाव निघालं असतं. सेठनं हाकललं असतं. पेपरात आलं असतं. एवढ्याशा गोष्टी, पण तेव्हा छातीवर धोंड्यासारख्या बसलेल्या.

"माझं मीच शिकलो," काका म्हणाले. "चूक माझी."

मी उठले नाही.

त्र्याण्णवची नऊ पानं कोर्टानं ठेवून घेतली. त्यात त्या पाचांपैकी एकाचंही नाव नव्हतं. केस तिथंच बसली. बाहेर आल्यावर देऊनं काकांची कॉलर धरली. "घरी नवा कॉम्पुटर आला तो कुटनं आला रं? कोनी दिला?" काकांच्या फंडाची गोष्ट कोण ऐकणार? कंपनीनं पैसे चारले, म्हाताऱ्यानं कागद जाळले, उघड आहे. आठ दिवसांत सगळ्या मोरिवलीत झालं. ज्या विहारात काका दर रविवारी वंदनेला पहिले जायचे, सतरंज्या घालायचे, तिथं त्यांच्या शेजारी कोणी बसेना. त्यांच्याच समाजाची माणसं! मला इतका संताप यायचा. आणि ह्या तोंडानं मी संताप कोणावर करणार होते?

बारकू मार्चमध्ये गेला. काका त्यानंतर दोनदा पाड्यावर जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. क्लासला परत कधी आले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मीच रडायला लागले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्रास करून घेऊ नका. टाईम ऑफिसात चूक झाली तर टाईमकीपरची. दुसऱ्याच्या नावावर टाकायची नसते." नव्व्याण्णवच्या जानेवारीत सकाळी अंघोळीला जाताना पडले आणि गेले. मयताला फार माणसं नव्हती.

मग मी बारवीला गेले. कोणासाठी गेले ते माझं मलाच सांगता येत नाही. फाट्यावर एसटीतून उतरून तासभर चालत. चंद्री अंगणात लाकूडफाट्याची मोळी बांधत होती. मी कोण ते सांगितलं, आणि सगळं सांगितलं. डबा, घास, 'सेव्ह आहे', सगळं. गमरे काकांनी एक पैसा घेतला नव्हता, हे तीन-तीनदा सांगितलं. ती दोर आवळत ऐकत होती.

"त्यो आलेला," ती म्हणाली. "दोनदा. मी त्येच्या तोंडावर म्हनलं, पैसं खाल्लंस. त्यो काय बी नाय बोलला." दोराला गाठ मारली. "तू तवा कोर्टात व्हतीस?"

"होते."

"बसलेली?"

"हो."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "बारकू नाय, त्यो बी नाय," म्हणाली. "आता मला कशाला सांगतेस?" मोळी डोक्यावर घेतली आणि गेली.

फाट्यावर एसटीची वाट बघत पाचसहाजण उभे होते. मला शहरातली बघून एकानं विचारलं, बाई कोणाकडं आलेलात? मी म्हटलं, चंद्रीकडं. तो म्हणाला, "त्या विकल्या गेलेल्या गमऱ्याच्या वळखीच्या का तुमी?"

मी म्हटलं, नाही.